जर्सी सिटीत राहायचं की एडिसनकडे सरकायचं? पब्लिक हायस्कूल पारखायचं कसं

"अजून जर्सी सिटीतच? मग हायस्कूलचं काय ठरवलंय?" मूल पाचवी-सहावीत पोचलं की गणपतीत, हळदीकुंकवाला किंवा क्रिकेटच्या मैदानाबाहेर हे कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा एडिसनला किंवा वेस्ट विंडसरला घर घेतलेलं असतं, त्यामुळे उत्तरही त्यांच्याकडे तयार असतं. त्याच रात्री नवरा-बायको झिलो ही घरांच्या जाहिरातींची साइट उघडतात, घराच्या फोटोंखाली शाळेला दहापैकी किती दिलेत ते बघतात आणि निर्णय जवळपास होऊन जातो.

एवढ्या मोठ्या खर्चाचा निर्णय त्या एका आकड्यावर सोडू नये. दोन-तीन शनिवार घातले तर तुलना नीट करता येते आणि लागणारी सगळी माहिती फुकट मिळते. इथे उदाहरण न्यू जर्सीचं घेतलंय: एका बाजूला जर्सी सिटी, दुसऱ्या बाजूला एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो. राज्य एकच असल्याने परीक्षा एक आणि अहवालाचा साचाही एक. क्वीन्समधून न्यू जर्सीत येणाऱ्यांना हे सुख नाही, कारण न्यूयॉर्कच्या रीजंट्स परीक्षेचे आकडे इथल्या आकड्यांशेजारी ठेवता येत नाहीत.

माझं मत आधीच सांगते. शहरात चांगल्या हायस्कूलची जागा मिळवावी लागते, सबर्बमध्ये ती पत्त्याबरोबर येते. जास्तीचं भाडं, प्रॉपर्टी टॅक्स आणि लांबलेला प्रवास हे सगळं त्या खात्रीसाठी मोजायचं असतं. मग तुमच्या मुलाला त्या खात्रीची गरज किती, हे आधी ठरवायला हवं.

आधी खरे पर्याय कागदावर मांडा

"जर्सी सिटीच्या शाळा" आणि "एडिसनच्या शाळा" अशी तुलना करूच नका. तुमचं मूल दोन्हीकडे मिळून तीन-चार ठरावीक इमारतींपैकी एकीत जाणार आहे. त्या इमारतींची नावं लिहा.

जर्सी सिटीत तीन दारं आहेत. पहिलं मॅकनेअर अकॅडेमिक: शहराच्याच डिस्ट्रिक्टचं, म्हणजे तिथल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचं, पण निवडून प्रवेश देणारं हायस्कूल. दुसरं हडसन काउंटीच्या शाळांचं, म्हणजे सिकॉकसमधलं हाय टेक आणि जर्सी सिटीतलं काउंटी प्रेप. त्यांना अर्ज आठवीत करावा लागतो आणि रहिवास हडसन काउंटीतला लागतो. तिसरं दार म्हणजे पत्त्याप्रमाणे मिळणारं नेहमीचं हायस्कूल: डिकिन्सन, फेरिस, लिंकन, स्नायडर यांपैकी एक. मॅकनेअरच्या नावावर शहरात थांबायचं ठरवणाऱ्यांनी तिथे जागा मिळाली नाही तर काय, हेही त्याच कागदावर लिहावं. बरेच जण नेमकी ती ओळ कोरी ठेवतात.

सबर्बकडच्या यादीत खाचखळगे वेगळे. एडिसन टाउनशिप एकच असली तरी हायस्कुलं दोन आहेत, उत्तरेकडे जे. पी. स्टीव्हन्स आणि दक्षिणेकडे एडिसन हाय. मराठी मंडळी "एडिसनची शाळा" म्हणतात तेव्हा बहुतेकदा त्यांच्या मनात पहिली असते. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचीही दोन आहेत, साउथ वेस्ट विंडसरमध्ये आणि नॉर्थ प्लेन्सबरोमध्ये. सगळ्यात फसवा म्हणजे प्रिन्स्टनचा पत्ता. अपार्टमेंटच्या जाहिरातीत प्रिन्स्टन लिहिलेलं असतं, पोस्टाचा पत्ताही प्रिन्स्टनचाच असतो, आणि शाळा निघते साउथ ब्रन्सविकची, प्लेन्सबरोची नाहीतर लॉरेन्सची. यातली कुठलीच वाईट नाही, पण ज्या शाळेसाठी घर घेतलं तीच हातात पडावी एवढी अपेक्षा रास्त आहे. एजंटचा शब्द प्रमाण मानू नका. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून घरनंबर आणि रस्त्याचं नाव सांगा, ते शाळा सांगतात.

काउंटीच्या शाळांबद्दल आणखी एक गोष्ट. मिडलसेक्स काउंटीतही एडिसनला विज्ञान-गणित-अभियांत्रिकीची आणि वुडब्रिजला आरोग्यशास्त्राची निवडक अकॅडमी आहे. तुम्ही सातवीनंतर सरकलात तर हडसनचं दार बंद होतं आणि मिडलसेक्सचं उघडतं. वेस्ट विंडसर मात्र मर्सर काउंटीत येतं, तिथे ही दोन्ही दारं नाहीत. नकाशावर काउंटीच्या रेषा बघून ठेवा.

राज्याचा अहवाल उघडा आणि सरासरी बाजूला ठेवा

न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट प्रसिद्ध करतं. ग्रेटस्कूल्स, निश वगैरे साइट्स जे आकडे देतात, त्यांतले कित्येक अशाच सरकारी आकड्यांवर आपापलं गणित लावून आलेले असतात. मग मूळच बघावं. एकाच वर्षाचे, तुमच्या यादीतल्या सगळ्या शाळांचे अहवाल उतरवून घ्या.

पहिल्या पानावरचे टक्के बघून मत बनवायची घाई नको. शाळेची सरासरी बऱ्याच अंशी तिथे कोणाची मुलं येतात त्यावर ठरते. घरची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांचं नातं किती घट्ट आहे, हे अमेरिकेत १९६६च्या कोलमन अहवालापासून चर्चेत आहे. आई-वडील दोघेही इंजिनिअर असलेल्या दोन हजार मुलांना एका इमारतीत बसवलं, तर शिक्षकांनी वर्षभर फळ्याकडे बघितलं नाही तरी सरासरी बरी येईल. उलट बाजूने मॅकनेअरसारख्या निवडक शाळेचे उत्तम आकडे सांगतात की निवड चोख झाली. तिथे मुलं किती पुढे गेली, ते वेगळं शोधावं लागतं. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळांवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. कटऑफच्या जरा वर राहून आत गेलेली मुलं आणि जरा खाली राहून बाहेर राहिलेली मुलं, यांच्या पुढच्या चाचण्यांतल्या गुणांत त्यांना फारसा फरक आढळला नाही. जागा हुकली म्हणून ज्यांच्या घरात सुतक पाळलं जातं, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

म्हणून अहवालात गटवार तक्ते असतात तिथे जा. आर्थिकदृष्ट्या अडचणीतल्या घरांतली मुलं, तशी नसलेली, इंग्रजी शिकणारी, वंशवार गट असे रकाने असतात. तुमच्या मुलासारख्या मुलांचा गट दोन्ही शाळांत धरा आणि तेच आकडे शेजारी लिहा. पुष्कळदा शहर आणि सबर्ब यांच्यातली दरी इथे बरीच आक्रसते. ती आक्रसली नाही, तर मात्र शाळेतच काहीतरी फरक आहे असं धरून पुढे जावं. जिथे मुलं फारच थोडी असतात तिथे आकड्याऐवजी तारा छापलेला असतो, त्यावरून काही अनुमान काढू नका.

आता एक सापळा सांगते. हायस्कूलच्या अहवालात अल्जिब्रा १ च्या राज्य परीक्षेत पास होणाऱ्यांचे टक्के दिसतात आणि नामांकित सबर्बन शाळेचाही तो आकडा कधीकधी चकित करण्याइतका कमी असतो. कारण साधं आहे. गणितात पुढे असलेली मुलं अल्जिब्रा १ सातवी-आठवीतच उरकतात आणि ती परीक्षा मिडल स्कूलमध्येच देतात. नववीत अल्जिब्रा १ ला बसतात ती उरलेली मुलं. याच कारणाने मिडल स्कूलच्या अहवालातला आठवीच्या गणिताचा आकडाही फसवा असतो, कारण हुशार मुलं त्या पेपरला नसतातच. तेव्हा अल्जिब्रा १ चा आकडा दोन्ही अहवालांत बघा. आठवीत किती मुलं ती परीक्षा देतात, हाच आकडा मला जास्त बोलका वाटतो.

अकरावीत २०२२पासून एनजेजीपीए नावाची पदवीपात्रता परीक्षा होते. गणिताचा भाग अल्जिब्रा १ आणि भूमितीपुरता, इंग्रजीचा दहावीच्या पातळीचा. ही किमान पायरी आहे, हुशारी मोजायला तिचा उपयोग नाही. ग्रॅज्युएशन रेट बघताना मात्र शेजारचा ग्रॅज्युएशन पाथवेजचा तक्ता नक्की वाचा. किती मुलं या परीक्षेतून पार झाली, किती एसएटीसारख्या (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) पर्यायी परीक्षेतून आणि किती पोर्टफोलिओ देऊन, हे तिथे कळतं. ग्रॅज्युएशन नव्वद टक्के लिहिणाऱ्या दोन शाळा इथे पार वेगळ्या दिसू शकतात.

एसएटीच्या सरासरीला फार भाव देऊ नका. किती मुलं बसली तो आकडा आधी बघा.

दीर्घ गैरहजेरीचा रकाना मात्र सोडू नका. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा अधिक दिवस न येणारी मुलं त्यात मोजतात, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. वर्गातली तिसरा हिस्सा मुलं अशी असतील तर शिक्षक कितीही कसबी असले तरी निम्मा वेळ मागचं भरून काढण्यात जातो. याचा त्रास रोज येणाऱ्या मुलालाही होतो. शहरातलं नेहमीचं हायस्कूल तुमच्या यादीत असेल तर चाचणीच्या टक्क्यांआधी मी हा आकडा बघेन.

गणिताची शिडी हाताने काढा

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते.

प्रत्येक हायस्कूल दरवर्षी प्रोग्रॅम ऑफ स्टडीज नावाची पीडीएफ काढतं. त्यात कोणता विषय कोणत्या इयत्तेत आणि त्याआधी काय लागतं ते लिहिलेलं असतं. एक कोरा कागद घ्या आणि वरून खाली लिहित या. सगळ्यात वर बारावीतलं एपी कॅल्क्युलस बीसी (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय). त्याच्या आधी काय? प्रीकॅल्क्युलस, बहुधा ऑनर्स, म्हणजे जास्त कठीण पातळीचं. त्याआधी अल्जिब्रा २, त्याआधी भूमिती, त्याआधी अल्जिब्रा १. मोजत खाली आलात की कळतं, नववीत भूमितीपासून सुरुवात केली नाही तर एखादी उन्हाळी क्लासची कसरत केल्याशिवाय कॅल्क्युलसपर्यंत पोचता येत नाही. म्हणजे हायस्कूलचा निर्णय प्रत्यक्षात सहावी-सातवीतच, मिडल स्कूलच्या एखाद्या प्लेसमेंट टेस्टमध्ये होऊन गेलेला असतो.

आता त्या कागदावर प्रत्येक पायरीशेजारी एक टीप लिहा: इथे चढायला काय लागतं? कुठे आधीच्या विषयात अमुक ग्रेड, कुठे शिक्षकांची शिफारस, कुठे वेगळी परीक्षा. मूल पायरी चुकलं तर पुन्हा वर चढायला वाट ठेवली आहे का, हेही बघा. काही सबर्बमध्ये शिडी उंच असते पण अरुंद. पाचवी-सहावीत ज्यांना वेगळं काढलं तेच वर जातात, बाकीच्यांना मधे घुसता येत नाही. शहरातल्या एखाद्या शाळेत बीसीचा वर्ग एकच असतो, पण ज्याची तयारी आहे त्याला कुणी अडवत नाही. तुमचं मूल मागाहून फुलणाऱ्यातलं असेल तर दुसरी शाळा त्याला जास्त मानवेल.

भारतातून थेट नववी-दहावीत येणाऱ्यांसाठी हा भाग फार महत्त्वाचा. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब पुण्याहून आलं तेव्हा मुलाच्या गुणपत्रिकेवर फक्त "गणित" असं होतं. शाळेने सावधपणा म्हणून त्याला अल्जिब्रा १ ला बसवलं. त्याच्या आईने दोन वर्षांच्या पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत टाइप केल्या, धड्यांपुढे अल्जिब्रा, भूमिती, त्रिकोणमिती अशी खूण केली आणि काउन्सेलरला पाठवून प्लेसमेंट टेस्ट मागितली. पोरगा दोन पायऱ्या वर गेला. बोर्डाच्या टक्क्यांची सवय झालेल्या आई-बापांना आणखी एक गोष्ट लवकर कळायला हवी: इथे दहावीची एकच मोठी परीक्षा नसते, नववीच्या पहिल्या ग्रेडपासून सगळं ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या एकत्र गुणपत्रिकेवर, चढत जातं.

एपीची यादी नव्हे, एपीची हजेरी

"आमच्या शाळेत इतके एपी आहेत" हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नका. राज्याच्या अहवालात विषयवार तक्ता असतो, त्यात किती मुलं वर्गात होती आणि किती परीक्षेला बसली हे दोन वेगळे रकाने असतात. वर्गात चाळीस आणि परीक्षेला बारा, असं दिसलं तर तो एपी नावापुरता. किमान एका परीक्षेत पाचपैकी ३ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या मुलांचं प्रमाणही दिलेलं असतं. अकरावी-बारावीतल्या एकूण मुलांपैकी किती जण एपीला पोचतात, हे बघितलं की शाळा वरच्या दहांसाठी चालते की मधल्या मुलांसाठीही, ते समजतं. आपली बहुतेक मुलं मधलीच असतात. घरात हे मोठ्याने कुणी म्हणत नाही इतकंच.

गर्दीचा विचारही इथेच करावा. जिथे सगळेच सहा-सात एपी घेतात, तिथे हुशार मूलही वर्गात मधे कुठेतरी सापडतं. कॉलेजचे अर्ज वाचणारे मुलाची तुलना त्याच्याच शाळेतल्या मुलांशी करून बघतात. राज्याच्या एनजे स्टार्स योजनेत तर वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांतल्या मुलांनाच काउंटी कॉलेजची फी माफी मिळते. शहरातल्या मध्यम शाळेत त्या १५ टक्क्यांत येणारं मूल एखाद्या नामवंत सबर्बन शाळेत निम्म्यावर असू शकतं. कागदावर दिसणाऱ्या दर्जाची ही बाजू प्रॉपर्टीच्या जाहिरातीत नसते.

दडपणाचंही तसंच. २०१५मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचे सुपरिटेंडंट डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं. आदल्या शालेय वर्षात १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवायची शिफारस झाली होती आणि ४० मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. डिस्ट्रिक्टने हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा बंद केल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठेवल्या. त्यावर पालकांत जी दुफळी झाली तिची बातमी देशभर गाजली. बदलांना विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक पुष्कळ होते. शाळा निवडताना आपण स्वतः त्या दुफळीत कुठल्या बाजूला बसलो असतो, याचा विचार करून बघा.

खर्चाच्या आकड्याने हुरळू किंवा बिचकू नका

न्यू जर्सीत शाळांचा मोठा भार प्रॉपर्टी टॅक्सवर असतो, म्हणून श्रीमंत गावच्या शाळेत दर मुलामागे जास्त पैसा जातो असं आपण धरून चालतो. इथलं चित्र उलटंसुलटं आहे. अ‍ॅबट विरुद्ध बर्क खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये गरीब शहरी डिस्ट्रिक्ट्सना श्रीमंत सबर्बच्या बरोबरीने पैसा द्यायला सांगितलं. पुढे १९९८च्या निकालातून तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी फुकट प्रीस्कूल आलं. जर्सी सिटी त्या ३१ डिस्ट्रिक्ट्सपैकी एक. २०१८च्या कायद्याने मात्र जर्सी सिटीची राज्याची मदत टप्प्याटप्प्याने कापायचं ठरलं आणि शहराला शाळांसाठी पेरोल टॅक्स, म्हणजे पगारांवरचा कर, लावावा लागला. तेव्हा दर मुलामागचा खर्च बघाच, पण तो कुठल्या दिशेला चाललाय तेही बघा. त्यासाठी गेल्या दोन वर्षांचं डिस्ट्रिक्टचं बजेट आणि बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या बैठकीची इतिवृत्तं वाचा. शिक्षक कमी करणार, संगीत बंद करणार, वर्ग मोठे करणार, हे रँकिंगमध्ये उमटायच्या कितीतरी आधी तिथे येतं. वाढणाऱ्या सबर्बमध्ये उलटी तक्रार दिसते, इमारत अपुरी, ट्रेलरमध्ये वर्ग, बांधकामाच्या कर्जासाठी बाँडवर मतदान.

प्रत्यक्ष जा, आणि नेमकं विचारा

ओपन हाउसला सगळंच छान दिसतं. रोबोटिक्सचा कप काचेच्या कपाटात असतो आणि बोलायला पुढे केलेली मुलं चुणचुणीत असतात. तिथे एवढं विचारा:

- एका काउन्सेलरकडे किती मुलं? काउन्सेलरांची राष्ट्रीय संघटना २५० सांगते.
- नववीत नव्याने आलेल्या मुलाचं गणित कोण आणि कशावरून ठरवतं?
- ऑनर्समध्ये जमत नसेल तर वर्षाच्या मध्यात काय करता? आणि साध्या वर्गातून ऑनर्समध्ये गेल्या वर्षी किती जण गेले?
- साध्या इंग्रजीच्या वर्गात या महिन्यात मुलं काय लिहितायत?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. ऑनर्सचा वर्ग दाखवायला सगळे तयार असतात. साध्या वर्गाबद्दल शिक्षक उत्साहाने बोलले तर शाळेचा पाया पक्का आहे असं समजावं. जमलं तर दुपारी शाळा सुटताना बाहेर उभं राहून मुलांच्या गप्पा ऐका. आणि तिथे शिकणाऱ्या दोन मुलांशी त्यांचे आई-बाबा नसताना बोला, एक ऑनर्सच्या वर्गातलं, एक साध्या वर्गातलं.

कधी सरकायचं

सबर्बला जायचंच असेल तर सहावीच्या आधी जा, म्हणजे गणिताच्या प्लेसमेंटमध्ये मूल सुरुवातीपासून असतं. आठवीच्या उन्हाळ्यात गेलात तरी चालतं, फक्त शिडीच्या कुठल्या पायरीवर बसवतील ते आधी लेखी विचारून घ्या. दहावीनंतर, अगदी नाइलाज नसेल तर, मूल हलवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शहरात थांबून नशीब अजमावायचं असेल तर आठवीचं वर्ष तसं आखा. मॅकनेअर आणि काउंटीच्या शाळांच्या अर्जांच्या तारखा सातवीच्या उन्हाळ्यातच त्यांच्या साइटवरून लिहून घ्या, दोन्हींची वेळापत्रकं वेगळी असतात. भाड्याचा करार उन्हाळ्यात संपेल असा ठेवा, म्हणजे निकाल मनासारखा लागला नाही तर सप्टेंबरच्या आत हलता येतं. मॅकनेअर किंवा हाय टेक मिळालं, तर केवळ अभ्यासासाठी घर सोडायचं काही कारण मला दिसत नाही. प्रिन्स्टन जंक्शनहून मॅनहॅटनला जायला गाडीतच तासभर जातो, आणि आई-बाबा रात्री साडेसातला घरी पोचले तर त्याचाही अभ्यासावर परिणाम होतो.

हलायचं ठरलं की भाडेकरार, विजेचं बिल, लसीकरणाची नोंद, ट्रान्स्क्रिप्ट आणि असल्यास आयईपी (विशेष मदत लागणाऱ्या मुलाचा शिक्षणाचा आराखडा) एका फाइलमध्ये ठेवा. पत्ता खोटा देऊन नाव घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिस्ट्रिक्ट चौकशी करतात आणि त्या काळाची ट्यूशन वसूल करू शकतात. आठवीच्या गणिताच्या शिक्षकांकडून वर्षात काय शिकवलं त्याची यादी जूनमध्ये, शाळा सुटायच्या आत घ्या. सुट्टीत त्यांना ईमेल करून उत्तर मिळेलच असं नाही, आणि नव्या शाळेचं वेळापत्रक ऑगस्टमध्येच लागतं.